फुलस्क्रीन प्रदर्शन (संगणक आलेखन)

फुलस्क्रीन प्रदर्शन म्हणजे संगणकाचा संपूर्ण पडदा एकाच प्रोग्रॅमच्या चित्राने व्यापण्याची पद्धत होय. संगणकीय खेळ, चित्रफीत दाखवणारे प्रोग्रॅम आणि सादरीकरणे यांत ती सर्रास वापरली जाते. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर एकच कोड चालावा यासाठी एसडीएल, जीएलएफडब्ल्यू यांसारख्या लायब्रऱ्यांचा आधार घेतला जातो. यांपैकी एसडीएलची सुरुवात सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये केली. अशा लायब्रऱ्यांमध्ये फुलस्क्रीनसाठी वरकरणी एकसारखी आज्ञा असली, तरी तिच्यामागे प्रत्येक प्रणाली वेगळे काम करते. पडद्याचे रिझोल्यूशन, विंडोचा आकार आणि चित्र जेथे रेखाटले जाते त्या फ्रेमबफरचा आकार या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकच मानल्याने फुलस्क्रीनमधील बहुतेक दोष उद्भवतात.

प्रकार

फुलस्क्रीनचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅम पडद्याचे रिझोल्यूशन व रिफ्रेश दर प्रत्यक्ष बदलतो. दुसऱ्या प्रकारात रिझोल्यूशन तसेच राहते आणि पडद्याएवढ्या आकाराची, चौकट नसलेली विंडो उघडली जाते. २०१३ मध्ये स्थिर आवृत्ती आलेल्या एसडीएल २ मध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र पर्याय आहेत. एसडीएल ३ मध्ये पर्याय एकच असून, विशिष्ट रिझोल्यूशन ठरवून दिले नसल्यास दुसरा प्रकार वापरला जातो. दुसऱ्या प्रकारात इतर प्रोग्रॅमकडे जाणे-येणे जलद होते आणि डेस्कटॉपची मांडणी विस्कटत नाही. त्यामुळे सर्वसाधारण वापरासाठी तो अधिक सुरक्षित ठरतो.

प्रणालींमधील फरक

मॅकओएसमध्ये २०११ च्या लायन आवृत्तीपासून फुलस्क्रीन विंडोला स्वतंत्र डेस्कटॉप मिळतो व तेथे जाताना संक्रमणाचे चलचित्र दिसते. लिनक्सवरील एक्स११ मध्ये प्रोग्रॅमला रिझोल्यूशन बदलता येते. वेलँडमध्ये मात्र सामान्य प्रोग्रॅमला तशी मुभा नसते. तो केवळ फुलस्क्रीनची विनंती करतो आणि विंडोची मांडणी करणारा कंपोझिटर ती अमलात आणतो.

सामान्य अडचणी व उपाय

चित्र एका कोपऱ्यात दिसणे: मॅकच्या रेटिना पडद्यावर फ्रेमबफर हा विंडोच्या नोंदवलेल्या आकाराच्या प्रत्येक दिशेने दुप्पट असू शकतो. ओपनजीएलचा व्ह्यूपोर्ट विंडोच्या आकारावरून ठरवल्यास चित्र डाव्या बाजूच्या खालच्या चतुर्थांशातच उमटते. व्ह्यूपोर्टसाठी नेहमी फ्रेमबफरचा आकार विचारावा.

चित्र धूसर दिसणे: विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग असताना, स्केलिंगची दखल घेत असल्याचे न कळवणाऱ्या प्रोग्रॅमला १९२० × १०८० चा पडदा १२८० × ७२० असल्याचे भासवले जाते. मग प्रणाली ते लहान चित्र ताणून मोठे करते. प्रोग्रॅमने उच्च घनतेच्या पडद्यांसाठीचा पाठिंबा सुरुवातीलाच घोषित करणे हा यावरील उपाय होय.

चित्र ताणले जाणे व माऊसचे स्थान चुकणे: ८०० × ६०० चे चित्र १९२० × १०८० च्या पडद्यावर प्रमाणबद्ध बसवायचे, तर ते १.८ पट मोठे करावे लागते. त्याचा आकार १४४० × १०८० होतो आणि दोन्ही बाजूंस २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. माऊसच्या आडव्या निर्देशांकातून २४० वजा करून १.८ ने भागल्यास मूळ चित्रातील स्थान मिळते. पडद्यावरील ९६० हे स्थान चित्रात ४०० ठरते. एसडीएल २ मध्ये तार्किक आकार ठरवून दिल्यास तिचा रेंडरर हे रूपांतर स्वतः करतो.

जुना आकार मिळणे: अनेक प्रणालींवर फुलस्क्रीनची विनंती तत्काळ पूर्ण होत नाही. विनंतीनंतर लगेच आकार विचारल्यास जुनेच आकडे येऊ शकतात. आकार बदलल्याची घटना येईपर्यंत थांबून मगच व्ह्यूपोर्ट बदलावा.

पडदा काळा किंवा पांढरा होणे: एसडीएल १.२ मध्ये विंडोजवर रिझोल्यूशन बदलताना ओपनजीएलचा संदर्भ नष्ट होत असे व त्यासोबत टेक्स्चरही जात असत. डायरेक्ट३डी ९ मध्येही दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेल्यास उपकरण गमावले जाते. अशा वेळी टेक्स्चर पुन्हा चढवावी लागतात.

चुकीच्या मॉनिटरवर उघडणे: विंडोजमध्ये शून्य, शून्य हा बिंदू मुख्य मॉनिटरचा असतो, त्याच्या डावीकडील मॉनिटरचे निर्देशांक ऋण असतात. म्हणून स्थान गृहीत न धरता लायब्ररीकडून मॉनिटरची यादी घ्यावी.

दोषशोधन

पूर्ण पडदा व्यापलेला प्रोग्रॅम अडकल्यास तो बंद करण्याचा मार्गही झाकला जातो आणि इतर विंडोंमधील न जतन केलेले काम धोक्यात येते. डीबगरने प्रोग्रॅम थांबवल्यावरही हीच स्थिती येऊ शकते. म्हणून रेखाटनाचा कोड आधी साध्या विंडोत तपासावा, वरील तिन्ही आकार लॉग फाइलमध्ये नोंदवावेत आणि बाहेर पडण्याची कळ पहिल्यापासून ठेवावी. लिनक्समध्ये सहसा कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबून मजकुरी कन्सोलवर जाता येते व तेथून प्रोग्रॅम बंद करता येतो. एक्स११ वर प्रोग्रॅम अचानक बंद पडल्यास बदललेले रिझोल्यूशन तसेच राहू शकते. एक्सरँडआर या आज्ञेने ते पूर्ववत होते.

हे सुद्धा पहा

ओपनजीएल
डायरेक्टएक्स
वेलँड
पिक्सेल