श्वाननियंत्रण, मुंबईतील

श्वाननियंत्रण, मुंबईतील : मोकाट कुत्र्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि श्वानदंश व अलर्क रोग (रेबीज) यांपासून नागरिकांचे रक्षण करणे, यांसाठी मुंबई शहरात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून योजण्यात आलेले उपाय. त्यांच्या इतिहासाचे स्थूलमानाने दोन टप्पे पडतात. पहिला कुत्री मारण्याचा, तर दुसरा १९९० च्या दशकात सुरू झालेला निर्बीजीकरण व लसीकरण यांचा. पहिल्या टप्प्यातील धोरण लोकसंमती व जीवविज्ञान या दोन्ही कसोट्यांवर अपुरे ठरले.

कंपनी सरकारच्या १८१३ च्या आदेशान्वये मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारली जात. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असल्याने कुत्री पकडणारे लोक पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. झरथुश्त्री धर्मात कुत्रा पवित्र मानला असून मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी पारशी अंत्यसंस्काराचे एक अंग आहे. त्यामुळे ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. इतर धर्मांचे काही लोकही यात सामील झाले. अखेर सैन्य बोलावून दंगा शमविण्यात आला. आधुनिक मुंबईतील पहिला दंगा म्हणून इतिहासकार याचा निर्देश करतात. जमशेटजी जिजीभाई प्रभृती पारशी शेठियांनी सरकारकडे रदबदली केली व कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. १८३४ मध्ये जमशेटजी व जैन व्यापारी मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात स्थापन झालेली पांजरपोळ ही या घटनेचीच फलश्रुती होय.

तथापि दंगा शमला, तरी मूळ प्रश्न सुटला नाही, कारण अलर्क रोगाची भीती खरी होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू दंशावाटे शरीरात शिरतो व तंत्रिकांवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. लक्षणे प्रकट झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये या रोगावरील लस माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरली. भारतात १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था निघाली व तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तंत्रिका-ऊतकापासून लस तयार केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अशी लस बनत असे. पोटात घ्यावयाच्या चौदा सुयांचा लोकांनी घेतलेला धसका याच लसीमुळे होता. तिचे भारतातील उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि कोशिकासंवर्धित लसी प्रचारात आल्या. त्या दंडात वा त्वचेत देतात.

स्वातंत्र्योत्तर काळातही कुत्री मारणे हेच महापालिकेचे प्रमुख साधन राहिले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने मोकाट कुत्री नष्ट करण्यास मुभा ठेवली होती. या पद्धतीचे अपयश कुत्र्याच्या जीवनक्रमात दिसते. मादीचा गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा असून ती बहुधा वर्षातून दोनदा वेते. उघड्यावरील कचरा व शिळे अन्न यांवर ठराविक संख्येची टोळी जगते आणि आपल्या हद्दीत परकी कुत्री येऊ देत नाही. टोळी नष्ट केली, तरी अन्न तेथेच राहते. रिकाम्या झालेल्या हद्दीत नवी, लस न टोचलेली कुत्री येतात व वाचलेल्या पिलांचे प्रमाण वाढते. याउलट निर्बीजीकरण करून मूळ जागी सोडलेले कुत्रे हद्द राखते, पण प्रजा वाढवीत नाही. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत याच पद्धतीचा पुरस्कार होता. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियमांनी भारतात तिला कायद्याचे रूप दिले. मुंबईच्या २०१४ मधील श्वानगणनेत ९५,१७२ मोकाट कुत्री आढळली.

मात्र वाद मिटला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये त्यास स्थगिती दिली. २०२३ च्या नव्या नियमांनी कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा लहान मुलांच्या क्रीडांगणापासून व इमारतीच्या प्रवेशद्वारापासून दूर, रहिवाशांच्या विचाराने ठरविण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री यांतून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून तेथे पुन्हा न सोडण्याचे निर्देश दिले.

वस्तीपातळीवरील तक्रारी मुख्यतः दंश, वाहनांमागे धावणे, रात्रीचे भुंकणे व घाण यांच्या असतात. माजाच्या काळातील नरांची भांडणे आणि पिले असलेल्या मादीची आक्रमकता हे त्यांचे एक कारण असून निर्बीजीकरणाने ते कमी होते. खाटीकखान्याचा व उपाहारगृहांचा टाकाऊ माल झाकून वेळेवर उचलल्यास टोळ्यांचा आधार तुटतो. पाळीव कुत्र्यांची नोंदणी, लसीकरण व साखळी ही मालकाची जबाबदारी असते. पाळून सोडून दिलेली कुत्रीही मोकाट संख्येत भर घालतात. दंश झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित लस घ्यावी लागते. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात. चुना, हळद वा तिखट लावण्यात वेळ गेल्यास जीव गमावण्याचा धोका असतो.

जगातील अलर्क रोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संशयित जनावराने चावलेल्यांत सु. ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. कुत्र्यांपैकी किमान ७० टक्क्यांना लस टोचल्यास रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात राज्यशासन व मिशन रेबीज या संस्थेने सामूहिक लसीकरण, शाळांतील शिक्षण व रोगाची पाहणी यांची सांगड घातली आणि २०२१ मध्ये ते राज्य अलर्क-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. दंगा, न्यायालयीन वाद आणि लस यांच्या दोन शतकांच्या इतिहासातून एवढे स्पष्ट होते, की कुत्र्याविषयीची करुणा आणि माणसाची सुरक्षितता यांतील विरोध वाटतो तितका अपरिहार्य नाही. नियमित लसीकरण, निर्बीजीकरण व कचऱ्याची व्यवस्था यांत खंड पडला, की मात्र तो पुन्हा उभा राहतो व त्याची किंमत प्रामुख्याने लहान मुलांना मोजावी लागते.