रस्त्याचा उंबरठा

फाट्यावर एसटीतून उतरलेला माणूस आधी पिशवी सावरतो, मग दोन्ही अंगांना मान फिरवतो. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर एका अंगाला जिंतूर, दुसऱ्या अंगाला मंठा आणि पुढे जालना, शिवाय सेलूकडून येऊन मिळणारा तिसरा रस्ता. पलीकडे जायचं म्हणजे वीसेक पावलांचं अंतर. म्हातारी असेल तर तीस पावलं. तेवढ्या वेळात मोठ्या रस्त्यावरून साठ-सत्तरच्या वेगानं येणारी गाडी तीन-चारशे मीटर पुढं आलेली असते. थांबायचं की पळायचं, हा निर्णय दर वेळी पायी माणसानंच घ्यायचा. गाडीवाल्याला तसा निर्णय घ्यायला लावणारी एक वस्तू जगानं शोधून काढली आहे. आपण तिला गतिरोधक म्हणतो, बोलताना नुसतं ‘ब्रेकर’. तिची ही कुळकथा.

पण आधी फाट्याची सांगायला हवी. फाटा हा शब्द ‘फाटणे’तून आलेला आहे. झाडाला फाटा फुटतो, कालव्याला फुटतो, तसा रस्त्याला. म्हणजे मुळात फाटा ही नुसती एक जागा, वस्ती नव्हे. तिची वस्ती केली बसनं. मराठवाड्यात सरकारी बस आली ती निझामाच्या काळात, १९३२ साली, रेल्वेच्याच खात्यामार्फत. पुढे राज्य परिवहनची लाल गाडी आली. बस मोठ्या रस्त्यानं जायची, गाव आत दोन-चार किलोमीटरवर राहायचं. मग गावाचं नाव घेऊन ती जागाच ‘अमुक फाटा’ झाली. उतारूंसाठी चहा आला, चहाशेजारी पानटपरी, तिच्याशेजारी पंक्चरचं दुकान, मग खत-बियाणं, दवाखाना, शाळा. सेलू तालुक्यातला देवगाव फाटा हा त्याच कुळातला.

जुन्या गावाला वेस होती. वेशीत शिरताना बैलगाडीही हळू व्हायची, कारण दरवाजा अरुंद, रस्ता वळणाचा, आणि आत माणसं आहेत हे दगडाच्या कमानीनंच सांगितलेलं असायचं. फाटा वाढला तो वेशीच्या बाहेर. त्याला कमान नाही, वळण नाही, दार नाही. उलट रस्ता जितका सरळ आणि रुंद, तितका तो चांगला, असं आपण मानत आलो. माणसांनी भरलेल्या जागेतून गाडी शेतातल्यासारखीच सुसाट जाते, कारण जागा बदलली हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे सांगायचं कसं, या प्रश्नावर डोकं लढवलेल्यांची यादी लांब आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात चॅटम नावाच्या गावानं १९०६ सालीच रस्ता ओलांडण्याच्या जागी फरशी आणि दगड बसवून ती जागा पाच इंच उंच केली. मोटारी तेव्हा नुकत्या कुठं दिसायला लागल्या होत्या. लक्षात घ्यावं असं इथं एक आहे. त्यांनी उंच केली ती माणसं चालतात ती पट्टी. म्हणजे ही वस्तू जन्मतःच पायवाट होती, अडथळा नव्हता.

मधल्या काळात ती विसरली गेली. पुन्हा हात घातला तो एका पदार्थवैज्ञानिकानं. आर्थर हॉली कॉम्प्टन, १९२७ चे नोबेल मानकरी. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात तेव्हा त्यांचं काय होतं, हे त्यांनी दाखवलं आणि त्या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. १९२६-२७ साली ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात शिकवून गेले होते. पुढे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख असताना आवारातून भरधाव जाणाऱ्या गाड्या त्यांना खुपू लागल्या. १९५३ साली त्यांनी वेगाला आवर घालणारे उंचवटे आखून दिले. पोलिसांची गस्त वाढवा, दंड लावा, असं सांगता आलं असतं. त्यांनी ते काम रस्त्याच्या आकारावर सोपवलं.

तिसरा धागा हॉलंडचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आयाबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच ‘बालहत्या थांबवा’ असं होतं. डेल्फ्ट शहरात तर त्याआधीच लोकांनी आपल्या गल्लीचं रूप बदलायला घेतलं होतं. सरळ रस्त्याला वळणं दिली, मध्ये झाडं आणली, उंचवटे केले. १९७६ साली अशा गल्ल्यांना कायद्यानं मान्यता दिली. डच भाषेत अशा गल्लीला ‘वोनेर्फ’ म्हणतात, म्हणजे राहतं अंगण. आणि गतिरोधकाला त्यांचा शब्द आहे ‘फरकेअर्सड्रेम्पल’, म्हणजे वाहतुकीचा उंबरठा.

उंबरठा आणि अंगण! दोन्ही शब्द घरातले. इंग्रजांनी याच वस्तूला ‘झोपलेला पोलीस’ म्हटलं, रशियन आणि लॅटिन अमेरिकेतले काही लोक ‘आडवा पोलीस’ म्हणतात. आपण संस्कृतातून ‘गतिरोधक’ घडवला, गती अडवणारा. शब्द चुकीचा नाही. पण त्यात नजर गाडीकडे आहे. उंबरठ्यात नजर घराकडे आहे. उंबरठ्यापाशी आपण अडत नाही, पाय उचलून आत येतो, आणि आत आल्याचं पायालाच कळतं. फाट्याला हवा होता तो हा उंबरठा. वेस गेल्यावर तिची जागा त्यानं घ्यायला हवी होती.

त्याचं माप ठरलं ते १९७३ साली, ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत. वॉट्स नावाच्या संशोधकानं निरनिराळ्या आकारांचे उंचवटे करून त्यांवरून गाड्या चालवून पाहिल्या. आणि जे हाती आलं ते आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलट आहे. आपल्याला वाटतं, उंचवटा जितका टोकदार आणि आखूड, तितकी गाडी हळू जाणार. तसं होत नाही. आखूड उंचवट्यावर भरधाव गाडीचं फक्त चाक उडतं, तो धक्का स्प्रिंगा गिळून टाकतात आणि आत बसलेल्याला फारसं जाणवत नाही. हळू येणाऱ्याला मात्र तोच उंचवटा कंबरेत बसतो. म्हणजे शिक्षा होते ती हळू चालवणाऱ्याला, सायकलवाल्याला, मागे पोरगं घेऊन स्कूटीवर निघालेल्या बाईला, रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीला. उंचवटा लांब केला की सगळं पालटतं. चाकाबरोबर अख्खी गाडी वर चढते आणि खाली उतरते. हळू आलात तर पाळण्यासारखं वाटतं, जोरात आलात तर आतला माणूस सीटवरून उचलला जातो. वॉट्सनं काढलेलं माप असं: रस्त्याच्या दिशेनं बारा फूट लांबी आणि मधोमध चार इंच उंची.

हे माप आपल्याकडेही आलं आहे, आणि फार पूर्वी. ते आणणाऱ्या संस्थेच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. रस्त्याचं प्रत्येक माप ठरवणारी ही संस्था. तिनं १९८८ साली गतिरोधकांवर स्वतंत्र पुस्तिका काढली, क्रमांक ९९. तीत तेच माप मीटरमध्ये आहे: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ किलोमीटरसाठी. आधी सूचनाफलक, वर रंगाचे पट्टे. आणि कुठं बसवावा? या पुस्तिकेनं आवर्जून सांगितलेल्या जागांत एक आहे ती मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या लहान रस्त्याच्या तोंडाची. म्हणजे फाट्याची. २०१८ साली तिची नवी आवृत्ती निघाली आणि नावातून ‘गतिरोधक’ जाऊन शहरी आणि ग्रामीण भागात वाहतूक शांत करण्याचे सगळे उपाय आत आले.

मग फाट्याफाट्यांवर दिसतं ते काय? कुणाचा तरी अपघात होतो. लोक रस्ता अडवतात, गतिरोधकाची मागणी होते, ती न्याय्यच असते. रात्रीतून गिट्टी-डांबराचा एक वरंबा पडतो. फूट-दीड फूट लांब, मनाला येईल तितका उंच. फलक नाही, पट्टे नाहीत. पावसाळ्यात त्याच्या कडेला पाणी साठून खड्डा पडतो. अंधारात दुचाकी त्यावरून उडते. मग त्याच्यामुळे अपघात झाला म्हणून तो उखडतात, आणि पुढच्या अपघातानंतर पुन्हा घालतात. याच कारणानं केंद्रानं २०१६ साली राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितलं होतं. भरधाव मोठ्या रस्त्याच्या मधोमध अचानक आलेला वरंबा घातकच आहे, हे मला मान्य आहे. पण वरंबा काढून रस्ता पुन्हा नुसता मोकळा ठेवणं हे त्याचं उत्तर मला पटत नाही. उत्तर आहे ते वेग टप्प्याटप्प्यानं उतरवण्याचं. वस्ती सुरू होण्याआधी कमी उंचीच्या खडखडाट करणाऱ्या पट्ट्या, मग रस्ता थोडा अरुंद, मध्ये उभं राहता येईल असा दुभाजक, म्हणजे ओलांडताना एका वेळी एकाच बाजूकडे पाहायचं. मिळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी मापाचा गतिरोधक. बस थांबण्याची जागा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे, म्हणजे उतरलेला माणूस बसच्या नाकाडासमोरून न जाता मागून, मोकळा रस्ता पाहून जाईल.

वेगाचा हिशेब साधा आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० वर धडक बसलेला पायी माणूस बहुतेक वेळा वाचतो, ६० वर वाचण्याची शक्यता खूपच कमी होते. म्हणून २०२० साली स्टॉकहोमला जमलेल्या देशांनी, जिथं माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथं ३० ची मर्यादा असावी, असं ठरवलं. आपल्या देशात २०२३ साली रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत ३५ हजारांवर लोक पायी चाललेले होते. त्यांच्याकडे ना हेल्मेट, ना पट्टा, ना एअरबॅग. त्यांचं संरक्षण म्हणजे समोरच्या गाडीचा वेग, दुसरं काही नाही.

या कुळातली सर्वांत देखणी लेक म्हणजे उंच केलेला ओलांडपट्टा. वर सपाट, रुंद, पदपथाच्याच पातळीचा, दोन्ही बाजूंना उतार. पायी माणूस पदपथावरून खाली न उतरता सरळ पलीकडे जातो. व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते, काठी टेकत जाणारे आजोबा जातात. चढायचं-उतरायचं काम गाडीनं करायचं. १९०६ च्या चॅटममध्ये हेच होतं. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्ते आखणीची नियमावली केली. पुढे जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तेव्हा शहरी रस्त्याचं असं रूप मराठी माणसाला घरच्या घरी पाहता आलं. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, निर्धोक, मोकळा आणि अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या निकालात पुणे आणि देवगाव फाटा असा भेद नाही.

म्हणून फाट्यावर राहणाऱ्या, फाट्यावरून शाळेला-बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी ब्रेकर मागाल तेव्हा नुसता ब्रेकर मागू नका. निवेदनात माप लिहा: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आधी फलक, वर पट्टे, मिळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. मोठ्या रस्त्यावर वस्तीआधी खडखड्या पट्ट्या आणि मध्ये थांबायला जागा. ग्रामसभेत तो ठराव करून घ्या आणि काम होईल त्या दिवशी मोजपट्टी घेऊन स्वतः तिथं उभे राहा.