देवगिरी १२९६ : वेशीपर्यंतचे साडेआठशे तास

कळंबहून देवगिरी सरळ रेषेत सुमारे १७५ किलोमीटर आहे. तेराव्या शतकात मांजरेकाठच्या या काळ्या जमिनीचा सारा देवगिरीच्या तिजोरीत जमा व्हायचा. अंबाजोगाई तर आमच्या शेजारचीच. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे १२२८ आणि १२४० चे शिलालेख तिथे आहेत. त्याचा मुलगा राम गुजरातेवरच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला आणि बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत मंदिर उभारलं. यादवांच्या लढायांची किंमत या भागातल्या घरांनी मोजली होती. त्यामुळे १२९६ चा उन्हाळा हा दूरच्या कुठल्या राजधानीचा प्रसंग आहे, असं मला कधी वाटत नाही.

त्या उन्हाळ्याच्या दोन तारखा पक्क्या आहेत. अलाउद्दीन खलजी २६ फेब्रुवारी १२९६ ला प्रयागजवळच्या कडा इथून निघाला आणि ३ जूनला परत कड्याला पोचला. एकूण ९८ दिवस. त्यातले २५ दिवस देवगिरीत गेले, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. उरले ७३. त्यांचे निम्मे केले तर जाण्याच्या वाटेला ३६ दिवस, म्हणजे साधारण साडेआठशे तास येतात. एवढ्या तासांत देवगिरीला एक निरोप पोचायला हवा होता.

पंचवीस वर्षं आधी

१२७१. महादेव यादवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. महादेवाचा पुतण्या रामचंद्र याला ते मान्य नव्हतं. नटांच्या ताफ्याच्या वेशात त्याची माणसं किल्ल्यात शिरली, आमण पकडला गेला आणि त्याचे डोळे काढण्यात आले. देवगिरी बळापेक्षा वेषांतराला लवकर वश होते, हे रामचंद्राइतकं कोणाला ठाऊक असणार? पण गडाचा धनी झाल्यावर त्याने या जाणिवेचा उपयोग केलेला दिसत नाही.

त्याची नजर दक्षिणेकडे होती. १२७६ मध्ये त्याचा सेनापती टिक्कम होयसळांच्या दोरसमुद्रापर्यंत गेला. होयसळ यादवांशी, यादव काकतीयांशी, काकतीय आपल्याच सामंतांशी, अशी सगळी दक्षिण एकमेकांत गुंतली होती. तिकडे १२५८ मध्ये हुलागूने बगदाद बुडवलं, खलिफाला मारलं. १२७९ मध्ये चीनमधलं सोंग घराणं कुबलाई खानाच्या आरमारापुढे संपलं. १२९१ मध्ये मामलूकांनी अक्का घेतलं आणि फ्रँकांचा पूर्वेकडचा शेवटचा मोठा गड गेला. मंगोलांचा धक्का सिंधूपर्यंत आला होता आणि त्यांच्याशी झुंजता झुंजता दिल्लीची घोडदळं तयार झाली होती. झटपट मजल मारणं, हूल देणं, शत्रूचा अंदाज चुकवणं हे त्यांनी त्याच सीमेवर आत्मसात केलं. विंध्याच्या दक्षिणेला अशा सैन्याशी तोवर कोणाची गाठ पडली नव्हती.

तीन वर्षं आधी

अलाउद्दीन हा सुलतान जलालुद्दीन खलजीचा पुतण्या आणि जावई, कड्याचा सुभेदार. १२९२-९३ च्या सुमारास त्याने माळव्यातलं भेलसा, आजचं विदिशा, लुटलं. देवगिरीच्या संपत्तीची पक्की बातमी त्याला तिथे मिळाली. भेलशात देवगिरीची खबर होती. देवगिरीत भेलशाच्या लुटीवरून कोणी सावध झालं नाही. पुढचं सगळं मला या एका फरकातून घडलेलं दिसतं.

८५० तास आधी : कडा

फाल्गुन सरत आला होता. आठ हजार स्वार निघाले. चंदेरीवर जातो, असं अलाउद्दीनने सुलतानाला भासवलं होतं. मागे कड्याला त्याने अला-उल-मुल्क नावाचा विश्वासू माणूस ठेवला. त्याचं मुख्य काम होतं सुलतानाला धीर देणाऱ्या खबरा पाठवत राहणं. म्हणजे आपला जावई कुठे आहे हे दिल्लीलाही माहीत नव्हतं. एकाच वेळी दोन राजधान्या अंधारात ठेवायची ही तयारी तलवारीइतकीच महत्त्वाची होती.

६०० तास आधी : माळवा

कड्याहून चंदेरी, भेलसा, अचलपूर या वाटेने देवगिरी हजारएक किलोमीटर. आठ हजार घोड्यांना रोज पाणी लागतं, चारा लागतो. त्यांची धूळ कोसावरून दिसते. वाटेतल्या गावांनी ते सैन्य पाहिलंच असणार. मग बातमी का पुढे सरकली नाही? मला वाटतं, बातमी पुढे गेली, पण तिच्या आधी अलाउद्दीनची बातमी गेली. तो सुलतानावर नाराज होऊन निघालेला सरदार आहे आणि राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी धरायला चालला आहे, अशी हूल त्याने उठवून दिली होती. रुसलेले सरदार त्या काळी सगळीकडेच फिरत. अशा वाटसरूला अडवून कोण अंगावर घेणार?

२०० तास आधी : अचलपूर

आता तो यादवांच्या हद्दीत होता. इथून देवगिरी आठ-दहा मजलांवर. वऱ्हाडातल्या या ठाण्यावरून एखादा सांडणीस्वार निघाला असता, तर तो सैन्याच्या चार-पाच दिवस आधी पोचला असता. तेवढ्या दिवसांत कोठारं भरता आली असती, शहरातली माणसं आणि जनावरं आत घेता आली असती. सगळ्यात मोठं म्हणजे राजपुत्र शंकरदेवाला परतीचा हुकूम धाडता आला असता. यादवांची मुख्य सेना त्याच्याबरोबर राजधानीपासून लांब होती.

तीन तास आधी : घाटी

बखरकार जिला लासूरा किंवा लाजौरा म्हणतात ती घाटी देवगिरीपासून १२ मैलांवर. घोडा दौडत निघाला तर दोन-तीन तासांची वाट. इथे कान्हा नावाचा यादवांचा अधिकारी होता. साडेआठशे तासांत अलाउद्दीनला खरा विरोध करणारा हा पहिला माणूस.

ही हकीकत आपल्याला सांगतो इसामी. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्ली देवगिरीला हलवली तेव्हा इसामी पोरवयात इथे आला आणि १३५० मध्ये इथेच बसून त्याने आपला इतिहास पद्यात लिहिला. म्हणजे घटनेनंतर ५४ वर्षांनी, त्याच शहरात. घाटीतली लढाई पाहिलेल्या म्हाताऱ्यांची मुलं-नातवंडं त्याच्या आसपास वावरत असणार. म्हणून त्याच्या या भागाला मी जास्त वजन देतो.

कान्हाबरोबर दोन स्त्रिया होत्या, आणि त्या सैन्याच्या म्होरक्या म्हणून लढत होत्या. वाघिणीसारख्या लढल्या, असं इसामीने लिहिलं. तो यादवांच्या बाजूचा लेखक नव्हे, त्याला त्यांची भलामण करायचं कारण नव्हतं. कान्हाच्या पहिल्या हल्ल्याने अलाउद्दीनचे स्वार मागे हटले. मंगोलांशी झुंजलेल्या घोडदळाला एका घाटीच्या ठाणेदाराने पाऊल मागे घ्यायला लावलं! मग दिल्लीकर सावरले, पुन्हा चालून आले आणि संख्येपुढे कान्हाची फळी फुटली. कान्हा हरला.

तरी त्या लढाईने देवगिरीला थोडा वेळ मिळवून दिला. शहराचा दरवाजा अजून काही तास दूर होता.

वेळ शून्य

तेवढ्या तासांत राजाला एकच गोष्ट जमली. तो डोंगरावरच्या किल्ल्यात गेला आणि दरवाजे लावून घेतले. किल्ला बळकट होता. शहर मात्र खाली उघडं होतं. पेठा लुटल्या गेल्या, सावकार आणि ब्राह्मण पकडले गेले, पागेतले हजारो घोडे आणि तीस-चाळीस हत्ती शत्रूच्या हाती पडले. लगेच नवी अफवा उठली : हे आठ हजार स्वार ही तर नुसती आघाडी, मागून वीस हजारांची दिल्लीची फौज येते आहे.

त्याच दिवसांच्या आगेमागे, ३० मार्चला, इंग्लंडचा पहिला एडवर्ड स्कॉटलंडच्या वेशीवरचं बेरिक शहर कापून काढत होता. १२९६ चा तो वसंत अनेक वेशींना वाईट गेला.

पहिला तह

वीस हजारांच्या भीतीने रामचंद्राने बोलणी लावली. सोनं, मोती आणि रेशीम देऊन प्रकरण मिटवायचं ठरलं. सुलतानाच्या नकळत आलेला अलाउद्दीनही फार दिवस थांबू शकत नव्हता, मागे कोणतीही कुमक नव्हती. गडावर हे कळलं असतं तर? खरं बळ कोणाकडे किती, हे फक्त एकाच बाजूला ठाऊक होतं.

शंकरदेव परततो

मग सेना आली. उशिरा, पण मोठी. बापाने निरोप पाठवला की तह झालाय, मोडू नकोस. मुलाने ऐकलं नाही. लूट टाकून चालते व्हा, असं त्याने अलाउद्दीनला कळवलं. अलाउद्दीनने त्याच्या जासुदांची तोंडं काळी करून छावणीत फिरवलं.

शंकरदेवाला उतावळा म्हणणारे लेखक बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. आपली राजधानी लुटली जाताना मोठं सैन्य घेऊन आलेल्या मुलाने दुसरं काय करायचं होतं? शत्रू थोडा होता, घरापासून हजार किलोमीटरवर होता आणि लुटीने जड झाला होता. लढायचा निर्णय बरोबर होता.

शेवटची घटका

अलाउद्दीनने एक हजार स्वार मलिक नुसरतच्या हाताखाली किल्ल्याच्या वेढ्यावर ठेवले आणि उरलेले घेऊन तो शंकरदेवाला सामोरा गेला. लढाई यादवांच्या बाजूने झुकली. दिल्लीकरांच्या रांगा मागे सरू लागल्या. घाटीतल्यासारखंच पुन्हा घडत होतं आणि या वेळी यादव संख्येनेही जास्त होते.

तेवढ्यात किल्ल्याच्या बाजूने धूळ उठली.

तो नुसरत होता. हुकमाची वाट न पाहता त्याने वेढा सोडला आणि हजार स्वार घेऊन रणात घुसला. यादवांच्या सैनिकांनी धूळ पाहिली आणि इतक्या दिवसांची अफवा खरी ठरली असं त्यांना वाटलं : वीस हजार आले! जिंकत आलेली फौज फुटली. हजार माणसांनी वीस हजारांचं काम केलं, कारण वीस हजारांचा आकडा यादव सैनिकांच्या मनात आधीच पेरलेला होता.

मीठ

किल्ला अजून शाबूत होता. रामचंद्राने टिकाव धरायचं ठरवलं आणि कोठारं उघडली. फिरिश्ता सांगतो की गोण्यांत मीठ निघालं. कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी धामधुमीत माल टाकून पळाले होते आणि गडकऱ्यांनी त्या गोण्या धान्याच्या समजून वर नेल्या होत्या. फिरिश्त्याने हे तीनशे वर्षांनी लिहिलं, त्यामुळे गोणीगणिक खरं मानायची गरज नाही. पण वेढ्याची तयारी नव्हती आणि अन्न अपुरं होतं, एवढं त्यातून नक्की घ्यावं. अचलपूरहून न आलेल्या त्या निरोपाची किंमत अशी कोठारात कळली.

२५ वा दिवस

दुसरा तह पहिल्यापेक्षा फार कठोर झाला. फिरिश्त्याचे आकडे : ६०० मण सोनं, ७ मण मोती, २ मण रत्नं, १००० मण चांदी, ४००० रेशमी ठाणं. शिवाय अचलपूर प्रांताचा वसूल. तेव्हाचा दिल्लीचा मण आपल्या जुन्या मणाहून बराच लहान होता आणि बखरीचे आकडे फुगतात, हे धरूनही लूट अफाट होती. दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो की पुढच्या सुलतानांनी एवढी उधळपट्टी करूनही त्यातला बराच भाग फिरोजशाह तुघलकाच्या काळापर्यंत शिल्लक होता. हे सोनं मांजरा, गोदा आणि सिंदफणेच्या काठावरच्या शेतसाऱ्यातून, तेर-पैठणच्या व्यापारातून चार पिढ्यांनी साठवलेलं होतं.

त्यानंतर

३ जूनला अलाउद्दीन कड्याला पोचला. पुतण्या खजिना पायाशी घालणार म्हणून म्हातारा जलालुद्दीन जुलैत गंगेतून नावेने त्याला भेटायला गेला आणि रमजानच्या महिन्यात तिथेच मारला गेला. देवगिरीवर चाललेली युक्ती घरातही चालली. भर पावसाळ्यात अलाउद्दीन दिल्लीकडे निघाला तेव्हा प्रत्येक मुक्कामाला मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, सोन्याच्या चांदण्या लोकांवर उडवल्या जात होत्या. ऑक्टोबरमध्ये तो तख्तावर बसला. त्याच वर्षाच्या कार्तिकात, वद्य त्रयोदशीला, आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. सहाच वर्षांपूर्वी त्यांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामचंद्र यादवाच्या न्यायी राज्याचा उल्लेख केला होता.

पुढे खंडणी थांबली म्हणून अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला. रामचंद्राला दिल्लीला नेलं गेलं आणि रायरायान हा किताब देऊन परत पाठवलं गेलं. मग वरंगळ आणि दोरसमुद्राच्या मोहिमांना त्याने काफूरला मदत केली. माजलगावजवळच्या पुरुषोत्तमपुरीला सापडलेला त्याचा १३१० चा ताम्रपट रामचंद्राच्या विजयांनी भरलेला आहे. १२९६ चा त्यात शब्द नाही. राज्याला खरी बातमी सांगणारं कोणी तेव्हाही उरलेलं नव्हतं. १३१३ मध्ये शंकरदेव काफूरकडून मारला गेला. १३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपाळदेव याला दिल्लीचा सुलतान मुबारक खलजी याने ठार केलं आणि यादवांचं राज्य संपलं.

मराठवाड्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहली देवगिरीला नेता तेव्हा अंधारी आणि चांदमिनार दाखवता, ते दाखवाच. पण चांदमिनार पुढच्या काळातला आहे. गडावर चढण्याआधी मुलांना घाटीतल्या कान्हाची आणि त्याच्याबरोबर लढलेल्या दोन स्त्रियांची हकीकत सांगा. त्या बायकांची नावं इसामीने लिहिली नाहीत, पण त्या सैन्याच्या पुढे उभ्या होत्या हे लिहून ठेवलं. त्या साडेआठशे तासांत आपलं काम चोख केलेली माणसं म्हणून इतिहासात तेवढीच सापडतात.