तापलेल्या हवेचा इतिहास: स्पिटफायरपासून सुबारूपर्यंत

#थ्रेड

१/ सप्टेंबर १९४१. इंग्लिश खाडीवरच्या आकाशात ब्रिटिश वैमानिकांची गाठ एका नव्या जर्मन विमानाशी पडली: फॉके-वुल्फ १९०. त्याच्या वेगापुढे आणि चढाईपुढे स्पिटफायर मार्क ५ उणे ठरू लागले. या संकटावर जे उत्तर निघाले, त्याचा एक भाग आज टर्बो गाड्यांच्या बंपरमागे बसलेला दिसतो. त्याचे नाव इंटरकूलर.

२/ मूळ अडचण सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाने हाताने अनुभवलेली असते: हवा दाबली की ती तापते. २० अंश तापमानाच्या हवेचा दाब टर्बोचार्जरने दुप्पट केला, तर तिचे तापमान सहज शंभरी ओलांडते. तापलेली हवा विरळ असते. म्हणजे दाबाने मिळवलेला ऑक्सिजन उष्णतेमुळे काही अंशी हातचा जातो. शिवाय अशा हवेत इंधन अवेळी पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते वाढले तर पिस्टन फुटू शकतो.

३/ टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी विमान इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन चाचणी घेतली. विरळ हवेत मंदावलेले इंजिन टर्बोमुळे पुन्हा समुद्रसपाटीइतकी ताकद देऊ लागले. हवा दाबण्याचा प्रश्न सुटला. तिला थंड करण्याचा प्रश्न पुढच्या पिढीसाठी उरला.

४/ रोल्स-रॉइसमध्ये तो स्टॅन्ली हूकर या गणितज्ञाच्या हाती आला. मर्लिन इंजिनाला त्याने दोन टप्प्यांचा सुपरचार्जर दिला. हवा दोनदा दाबायची म्हणजे ती अधिकच तापणार. म्हणून दाबलेल्या हवेची उष्णता वाहत्या द्रवात उतरवण्याची सोय केली गेली आणि त्या द्रवासाठी पंखाखाली वेगळा रेडिएटर आला. हे इंजिन मुळात उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी आखले होते.

५/ तेच इंजिन स्पिटफायरमध्ये बसवले गेले आणि मार्क ९ जन्माला आले. जुलै १९४२ मध्ये ते लढाईत उतरले. इंजिनाचे आकारमान जुनेच, २७ लिटर. पण कमाल वेग ताशी सुमारे ५९५ किलोमीटरवरून ६५० च्या पुढे गेला आणि फॉके-वुल्फशी बरोबरी साधली गेली. वैमानिकांच्या जिवाचे मोल लावून मिळालेला पहिला धडा असा: दाब वाढवायचा, तर आधी उष्णतेची वाट लावावी लागते.

६/ दुसरा धडा अमेरिकी पी-३८ लाइटनिंगने दिला. या टर्बो विमानात गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेतील पोकळीतून फिरवून थंड केली जाई. रचना देखणी होती, पण १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांच्या हिशेबाने केलेली. इंजिने बलवान झाली तसा हा इंटरकूलर अपुरा पडू लागला. इंजिनात ताकद असूनही ती वापरता येईना.

७/ १९४३ च्या पी-३८जे आवृत्तीत इंटरकूलर पंखातून काढून इंजिनाखाली आणला गेला. पंखातील मोकळ्या जागेत इंधनाच्या टाक्या बसल्या आणि पल्ला वाढला. मात्र उत्तर युरोपच्या हिवाळ्यात, उंचावर, हाच नवा इंटरकूलर हवा प्रमाणाबाहेर थंड करू लागला. त्या हिवाळ्यात इंजिने निकामी होण्याच्या कारणांत याचीही गणना होते. मोठा इंटरकूलर सर्वत्र उत्तमच ठरतो, हा समज तिथेच खोटा ठरला होता.

८/ युद्धानंतर टर्बो मोटारीत आला. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ३.५ लिटरचे व्ही-८ इंजिन २१५ अश्वशक्ती देत असे. इंटरकूलर नव्हता. त्याऐवजी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. द्रवाची वाफ होताना हवा थंड होई. युक्ती जुनीच होती. जर्मन लढाऊ विमानांनी युद्धात ‘एमडब्ल्यू ५०’ नावाचे असेच मिश्रण वापरले होते.

९/ विमानाची टाकी भरायला तळावर तंत्रज्ञ असत. जेटफायरची टाकी मालकाने स्वतः आठवणीने भरायची होती, आणि अनेकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की सुरक्षेसाठी टर्बोचा दाब आपोआप उतरे आणि गाडी मंद पडे. दोन वर्षांत जेटफायरचे उत्पादन थांबले. पुढे कित्येक गाड्यांतला टर्बोच काढून टाकला गेला. यंत्र बरोबर होते. माणसाच्या सवयीचा हिशेब चुकला होता.

१०/ पोर्शेने वेगळी वाट धरली. १९७४ मध्ये सादर झालेल्या ९११ टर्बोत इंटरकूलर नव्हता. नॉकिंग टाळण्यासाठी कॉम्प्रेशन ६.५ वर ठेवावे लागले. १९७८ च्या आवृत्तीत मागच्या पंखाखाली हवेने थंड होणारा इंटरकूलर आला. कॉम्प्रेशन ७ वर गेले, इंजिन ३ लिटरवरून ३.३ लिटरचे झाले आणि ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर पोहोचली.

११/ त्याआधी, १९७६ च्या शर्यतींत, पोर्शे ९३५ च्या मागच्या झाकणाच्या आकारावर नियामकांनी आक्षेप घेतला. हवेचा इंटरकूलर त्या झाकणाखाली मावत नव्हता. ऐन हंगामात पोर्शेला पाण्याने थंड होणाऱ्या, आटोपशीर इंटरकूलरकडे वळावे लागले. जागतिक अजिंक्यपद तरीही पोर्शेनेच जिंकले. निवड अनेकदा भौतिकशास्त्रापेक्षा जागेच्या अडचणीने ठरते, ती अशी.

१२/ गॅरेजमध्ये हौसेने गाड्यांची ताकद वाढवणाऱ्यांच्या हाती हाच वारसा आला. १९९२ च्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये इंटरकूलर इंजिनावर आडवा असतो आणि बॉनेटवरच्या झरोक्यातून त्याला वारा मिळतो. हवेचा मार्ग आखूड, म्हणून प्रतिसाद चपळ. परंतु गर्दीत गाडी थांबली, की खालचे इंजिन त्यालाच तापवते. म्हणूनच काही एसटीआय आवृत्त्यांत त्यावर पाणी फवारण्याची सोय कारखान्यातूनच आली.

१३/ आजचे पर्याय या इतिहासाच्या प्रकाशात पाहावेत. बंपरमागचा मोठा इंटरकूलर, जसा १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये होता, सलग वेगात उत्तम. पण नळ्या लांबतात, टर्बोचा प्रतिसाद उशिरा येऊ शकतो आणि रेडिएटरचा वारा अडतो. पाण्याचा इंटरकूलर कमी जागेत मावतो. मात्र पंप, दुसरा रेडिएटर आणि वजन वाढते. मिथेनॉलचा फवारा स्वस्त आणि प्रभावी. टाकी रिकामी झाली तर काय, हा जेटफायरचा प्रश्न मात्र कायम. फवाऱ्याच्या भरवशावर दाब वाढवला असेल, तर टाकी रिकामी होताच दाब उतरवणारी सोय हवीच.

१४/ उष्णता नाहीशी होत नाही. ती कुठेतरी नेऊन टाकावी लागते आणि प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी असते. टाटांच्या ४९७ आणि ६९७ डिझेल इंजिनांच्या नावातील ‘टीसीआयसी’ या अक्षरांचा अर्थ टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड असाच आहे. भरल्या मालानिशी घाट चढणाऱ्या अशा ट्रकमध्येही हवा आधी दाबली जाते आणि मग थंड केली जाते. १९४२ मध्ये स्पिटफायरच्या पंखाखाली चालू असलेले काम तेच होते.