पीटरबरोच्या महामंदिरांतील दोन राण्या

इंग्लंडांतील पीटरबरोचें पुरातन महामंदिर मूळचें बेनेडिक्ट संप्रदायी मठाचें. तेथें अर्ध्या शतकाच्या अंतरानें दोन कॅथलिक राण्यांस मूठमाती मिळाली.

पहिली आरागॉनची कॅथरीन. विवाहसंस्कार राजाच्या लहरीनें मोडत नाहीं, एवढाच तिचा अपराध! ती ७ जानेवारी १५३६ रोजीं निवर्तली, तेव्हां आठव्या हेन्रीनें तिला राणी म्हणून नव्हे, तर आपल्या दिवंगत बंधूची विधवा म्हणून पुरविलें. तीन वर्षांनीं मठही बुडाला.

दुसरी स्कॉटलंडची मेरी. १५८७ सालीं तिचा शिरच्छेद झाल्यावर तीही तेथेंच निजली. पुढें १६१२ त पुत्रानें तिचा देह वेस्टमिन्स्टरास नेला.

दोन्ही कबरी रॉबर्ट स्कार्लेट नामक एकाच वृद्धानें खणल्या, अशी परंपरा आहे. मंदिराच्या पश्चिम द्वारापाशीं हातीं फावडें घेतलेलें त्याचें चित्र आहे. मला तें फार आवडतें. कारण राजदरबारानें कांहींही ठरविलें असो, त्याखालील पद्यांत दोघींसही राणीच म्हटलें आहे.

कॅथरीनचें थडगें १६४३ त पार्लमेंटाच्या शिपायांनीं फोडलें. हल्लीं त्या जागीं सोनेरी अक्षरांत ‘कॅथरीन, इंग्लंडची राणी’ असें लिहिलें असून, यात्रेकरू तेथें तिचें राजचिन्ह जें डाळिंब, तें ठेवून जातात.