तुरुंगाखालचे घुमट

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदी म्हणून आणले गेले. त्यांतल्या नेहरूंनी बागकाम हाती घेतलं. जमीन कसली, नुसता दगडमातीचा राडारोडा. खणताना जुन्या भिंती आणि खोल गाडलेल्या घुमटांची टोकं लागू लागली. एकदा तर एका भिंतीवर दगडात कोरलेलं कमळही सापडलं. फार खोल मात्र अधिकारी खणू देत नसत.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोलीतही ‘जेल’ आहे, आणि तिथेही खणताना हात आवरावा लागतो.

हे प्रकरण १९७९ पासूनचं. बेल लॅब्सच्या ‘युनिक्स’ या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ ही सोय आली. एखाद्या प्रोग्रामला एकच फोल्डर दाखवायचं आणि हेच तुझं सगळं जग, असं भासवायचं. १९९१ मध्ये बेल लॅब्सच्याच बिल चेसविक यांनी एका घुसखोराला असंच कोंडून त्याचे उद्योग न्याहाळले. २००० साली ‘फ्रीबीएसडी’ या युनिक्सच्याच वंशातल्या प्रणालीनं तर या सोयीचं नावच ‘जेल’ ठेवलं.

वेब होस्टिंगच्या धंद्यात एका मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं नांदतात. म्हणून ‘सीपॅनेल’ या होस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जेलशेल’ असतं. गिऱ्हाईक आत आलं की ‘व्हर्टएफएस’ नावाच्या फोल्डरात त्याची खोली उभी राहते. पण आतलं सामान बहुतेक नक्कल नसतंच. मूळ फोल्डरं तिथे नुसती ‘माउंट’ केलेली असतात. एकाच घराला दुसरं दार काढावं तशी. गिऱ्हाईक गेलं की ही दारं बंद व्हायला हवीत. कधी कनेक्शन मध्येच तुटतं, कधी खातं पुसलं जातं, आणि दारं तशीच उघडी राहतात.

मग डिस्क आवरायला बसलेल्या नवख्या माणसाला बेवारस खोली दिसते. तो ‘आरएम’ ही पुसून टाकणारी कमांड चालवतो. पुसली जाते ती खोली नव्हे, तर पलीकडची खरी फाइल. या चुकीनं अख्खा सर्व्हर आडवा होऊ शकतो. सीपॅनेलच्या माहितीपुस्तिकेत तसा स्पष्ट इशाराच आहे.

जुने लोक आधी माउंटची यादी काढतात. गिऱ्हाईक खरंच आत नाही ना, हे पाहतात. मग एकेक दार ‘यूमाउंट’नं बंद करतात, यादी पुन्हा तपासतात आणि शेवटी ‘आरएम’ला हात न लावता फक्त रिकामं फोल्डर काढणारी ‘आरएमडीआयआर’ वापरतात. ही कमांड तशी भित्री. फोल्डरात एखादी फाइल जरी उरली असेल, तरी ती काम करायला साफ नकार देते.