गेलेल्यांची आठवण आणि वऱ्हाडातले काही जुने दाखले



अंबादास चवरे हे नाव आज कारंज्याबाहेर फार कुणाला माहीत नसेल. पण अपभ्रंश भाषेचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून ते एकदा तरी गेलेलं असतं. 'अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला', म्हणजेच कारंजा जैन ग्रंथमाला. १९३१ ते १९३४ या काळात तिच्यात पुष्पदंताचं जसहरचरिउ आणि णायकुमारचरिउ, श्रावकधर्मावरचं सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, मुनी कनकामराचं करकंडचरिउ अशी पुस्तकं निघाली. प्रकाशकाच्या जागी नाव आहे गोपाळ अंबादास चवरे. मालेला वडिलांचं नाव, खर्चाच्या बाजूला मुलाचं.

हे आज काढायचं कारण घरगुती आहे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अकोल्याला वारल्या त्याला वर्ष होत आलं. वर्षाच्या दिवशी त्यांच्या आठवणीसाठी काय करायचं यावर घरात तीन मतं आहेत. मोठे भाऊजी म्हणतात, गावच्या स्मशानात संगमरवरी ओटा बांधू, त्यावर नाव कोरू. नणंदबाईंना विधान आणि गावजेवण हवंय. माझा मुलगा म्हणतो झाडं लावा, बाकी सगळा कचरा आहे. तो 'कचरा' म्हणाला तेव्हा नणंदबाई ताटावरून उठल्या. मामाजी काहीच बोलले नाहीत, फक्त मला म्हणाले, "तू वाचत असतेस, शास्त्रात काय आहे ते पाह्य."

शास्त्रात आपल्यासाठी फार सोपं उत्तर नाही. पिंडदान, तर्पण आपल्यात नाही, कारण गेलेला जीव आपल्या कर्माने पुढच्या गतीला गेला, त्याला इथून काही पोचवता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते आपल्यासाठी. मग त्यात किती जीवांना त्रास द्यायचा, हा हिशोबही आपलाच. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याबद्दल दोन ठिकाणी वाचायला मिळतं. एक लोकमूढतेची जागा: धर्म समजून नदीत, समुद्रात स्नान करणं, वाळूचे आणि दगडांचे ढीग रचणं, कड्यावरून उडी घेणं, आगीत शिरणं. दुसरी जागा अनर्थदंडाची, तिथे ते 'प्रमादचर्या' सांगतात: निष्कारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, वनस्पती तोडणं. या यादीतला महत्त्वाचा शब्द आहे 'विफल'. आग पेटवूच नका असं ते श्रावकाला सांगत नाहीत, सांगितलं असतं तर स्वयंपाकघर बंद करावं लागलं असतं. फळ नसलेली आग नको म्हणतात. आज ज्याला आपण पर्यावरणाचा विचार म्हणतो तो एवढ्या जुन्या पुस्तकात, पृथ्वी-पाणी-अग्नी-वायू-वनस्पती अशा ओळीने लिहिलेला आहे.

आता हा शब्द घेऊन स्मशानात जाऊ. एका चितेला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. देह दहन करणं विफल नाही, ते करावंच लागतं. पण आत्याबाई हाडापेराने अगदी बारीक, अन् त्यांच्यासाठी आलेलं लाकूड पाहून मला वाटलं होतं की यात दोन माणसं झाली असती. कमी लाकूड मागितलं तर लोक म्हणतात, आईच्या वेळी हात आखडला. त्या भीतीपायी जळतं ते जास्तीचं लाकूड.

यावर आपल्याच भागातला एक उपाय मला फार पटला. नागपूरला इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनचे विजय लिमये यांनी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटकांवर दहन सुरू केलं, त्याला ते मोक्षकाष्ठ म्हणतात. वऱ्हाडात या कच्च्या मालाला काय तोटा! पऱ्हाट्या अन् तुराट्या आपल्या आज्यांनी चुलीत घातल्या आहेत. आता घरोघरी गॅस आला, आणि गुलाबी बोंडअळीपायी हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून काढायला सांगतात, तेव्हा बऱ्याच शेतात त्या नुसत्या पेटवून देतात. एका बाजूला धुऱ्यावर पऱ्हाटी विनाकारण जळते, दुसऱ्या बाजूला झाड तोडून चिता रचली जाते. समंतभद्रांना यातली कुठली आग विफल वाटली असती हे सांगायला पंडित लागत नाही. (गॅसदाहिनीबद्दलही घरात बोलणं झालं. मामाजींना ती बंद पेटी वाटते. मी वाद घातला नाही.)

राख आणि अस्थींचं आम्ही वेगळं केलं. पाहुण्यांपैकी काहींचं म्हणणं होतं, ऋणमोचनला पूर्णेत सोडा, काही रामकुंडापर्यंत गेले. आपल्यात नदीत सोडायची गरज नाही, पण शेजारपाजाऱ्यांचं पाहून ही पद्धत आपल्या घरांत शिरली आहे. तिसऱ्या दिवशी राख पूर्ण थंड झाल्यावर, किडामुंगी नाही हे पाहून, शेताच्या धुऱ्यावर कोरड्या खड्ड्यात ठेवली. अमरावतीजवळची पेढी आणि अकोल्याची मोर्णा, दोन्ही शेवटी पूर्णेला मिळतात, आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना आपला खारपाणपट्टा. जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही तिथे वाहतं गोडं पाणी म्हणजे काय, हे त्या गावांतल्या बायकांना विचारा. १३ जानेवारी २०१८ ला तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले होते, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेखही केला. नदीला जे अर्पण करतो त्याचं पुढे काय होतं, ते त्या दिवसांत अकोल्याने डोळ्यांनी पाहिलं.

ऋणमोचनचं नाव निघालं की गाडगेबाबा आठवणारच. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील लहानपणीच गेले म्हणून वाढले आजोळी, अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे. १९०५ साली घर सोडलं. ऋणमोचनला पूर्णेच्या चिखलात यात्रेकरू घसरतात म्हणून तिथे घाट बांधायच्या कामाला लागले. लक्षात घ्या, नदीत बुडी मारल्याने ऋण फिटतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण बुडी मारणाऱ्या म्हातारीचा पाय घसरू नये याची काळजी होती. धर्माच्या नावावर टीका करणाऱ्या पुष्कळांना हे जमत नाही. माझ्या मुलालाही जमलेलं नाही.

१९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. बातमी कळली, आणि असे कोट्यवधी गेले, एकासाठी किती रडू अशा अर्थाचं बोलून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवलं. लहानपणी मला ही गोष्ट कठोर वाटायची. आता तशी वाटत नाही, पण मला ते जमणार नाही हेही कळतं. या माणसाने पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःबद्दल मात्र बजावून ठेवलं होतं की जिथे मरेन तिथेच क्रिया उरका, माझी मूर्ती, समाधी, मंदिर काही करू नका. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांचे प्राण गेले. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

आणि अमरावतीत काय झालं? जिथे अंत्यसंस्कार झाले तिथे समाधी मंदिर आहे आणि भोवतालच्या वस्तीला गाडगेनगर म्हणतात. सांगून गेलेल्याचं ऐकलं नाही म्हणून मी नावं ठेवणार नाही. प्रेम करणाऱ्याला हात टेकायला एक जागा लागते. आपल्यातही श्रवणबेळगोळच्या टेकडीवर शेकडो निषिधी-शिळा आहेत, चरणपादुका गावोगावी आहेत. समंतभद्रांनी दगडांच्या ढिगाला नाव ठेवलं ते ढीग रचणं हाच धर्म समजणाऱ्यांना. भाऊजींच्या ओट्याला मी लोकमूढता म्हणू शकत नाही, म्हटलंही नाही. फक्त राजस्थानातून खाणीतला दगड आणण्याइतकं आत्याबाईंना काय हवं होतं, एवढं विचारलं.

बाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, रोग्याला औषधोपचार, गरीब मुलांना शिक्षण, मुक्या प्राण्यांना अभय अशी कलमं आहेत. जैन घरात वाढलेल्या कुणीही ती वाचून थांबावं. आहार, औषध, शास्त्र, अभय ही आपली चार दानंच ती! परटाच्या घरात जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसाने ती कुठल्या ग्रंथातून घेतली नसणार.

तुकडोजी महाराजांचा दाखला थोडक्यात सांगते, कारण अमरावतीकरांना तो पाठ आहे. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंज मोझरीला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला तिथे लाखो माणसं जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळी स्तब्ध उभी राहतात. मौन श्रद्धांजली. ना पाणी सांडत, ना पान तुटत. नणंदबाईंनाही हे पटलं, फक्त मौनानंतर चहा तरी ठेवावा लागेल म्हणाल्या.

झाडांचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या रानमळा गावाने याची रीतच घालून दिली. जन्माला झाड, लेक सासरी गेली की 'माहेरची झाडी', माणूस गेलं की 'स्मृतिवृक्ष'. पुढे सरकारनेही तो नमुना उचलला. मला आवडतं ते, पण अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे की झाड लावायला एक तास लागतो आणि जगवायला तीन उन्हाळे. आठवणीचं झाड वाळलं तर घरात पुन्हा सुतक आल्यासारखं होतं. म्हणून पोराला सांगितलं, पाच लाव, पण पाणी तू घाल. वड लावायचा की नाही यावरही चर्चा झाली, पंच उदुंबरात येतो म्हणून. फळ खाऊ नये हे खरं, झाड लावू नये असं मला कुठे सापडलं नाही.

तर फिरून कारंज्याला. १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत कारंजा अकोल्यातच होतं. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक-गाद्या या एका गावात, आणि त्यांच्या मंदिरांत हस्तलिखितांचे साठे. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ ला नागपूरहून निघाली आणि या साठ्यांची बाहेर चर्चा सुरू झाली. मग दुसरे हिरालाल, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन, त्यावर कामाला बसले. याच कारंज्यात १९१८ पासून ब्रह्मचारी देवचंदांचा महावीर ब्रह्मचर्याश्रम चालू होता. हेच पुढे मुनी समंतभद्र झाले, नावाचा योग बघा. चवऱ्यांची ग्रंथमाला या हवेतली. पुढे १९३९ पासून प्रा. हिरालालांनी अमरावतीहून धवला टीकेसह षट्खंडागम छापायला घेतलं, त्याला पैसा विदिशेच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांचा.

त्याच पैशात चवरे घराण्याला वडिलांच्या नावाची छत्री उभी करता आली असती. कारंज्यात तेव्हा श्रीमंती होती, कारागीर होते. त्याऐवजी हजार वर्षांपूर्वीच्या कवींची पुस्तकं वाचता येण्यासारखी झाली. कागदालाही झाड लागतं, मला माहीत आहे, मुलाने ते लगेच दाखवून दिलं. पण ते तुटणं विफल नाही.

हे सगळं मी मामाजींना दोन संध्याकाळी बसून सांगितलं. ते आत गेले आणि आत्याबाईंची वही घेऊन आले. लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेली. त्यात व्रतांच्या दिवसांचा स्वयंपाक, सोलेकारणाच्या दिवसांत काय चालतं काय नाही, बाळंतिणीचा काढा, खोकल्याचा काढा, आणि मंदिरात म्हणायची गाणी. वर्षाच्या दिवशी हिच्या प्रती काढून वाटायच्या असं ठरलं. जेवण होईल, पण पळसाच्या पत्रावळींवर आणि दिवस असताना. ओट्याचं अजून ठरलेलं नाही, भाऊजी विचार करतो म्हणाले.

पुतणी वही टाईप करते आहे, चाळीस पानं झाली. अडलंय ते मापांवर. आत्याबाईंनी सगळीकडे 'अधोली' आणि 'अर्धी अधोली' लिहिलंय, आणि ही मापं गावागणिक वेगळी. त्यांचं माहेर मूर्तिजापूरकडचं. तिकडच्या कुणाच्या घरी जुनी पितळी अधोली माळ्यावर पडली असेल, तर तिच्यात सपाट ज्वारी भरून किती किलो बसते तेवढं मोजून कळवाल का?